टक्क्यांत बोलणारे अवीभाऊजी

आमच्या अवीभाऊजींनी आयुष्यातली पहिली म्हैस घेतली ती व्यापाऱ्याचं तोंड बघून.

घोडेगावचा शुक्रवारचा बाजार होता. आमचं पशुखाद्याचं दुकान रस्त्याच्या अलीकडे आणि बाजार पलीकडे, त्यामुळे गल्ल्यावर बसल्याबसल्या मला बरंच दिसतं. नजर जाईल तिथवर गाई-म्हशी बांधलेल्या, आणि हा माणूस एका मिशीवाल्या व्यापाऱ्यासमोर अर्धा तास उभा राहून त्याच्या डोळ्यांत बघतोय. व्यापारी बिचारा अवघडून गेला. आधी त्याने टोपी सारखी केली, मग तोंड पुसलं, शेवटी आपली काही जुनी ओळख आहे का, असं विचारलं म्हणे. भाऊजींनी व्यवहार केला, म्हैस आणून आमच्या गोठ्यात बांधली आणि मला म्हणाले, "वहिनी, माणूस खरं बोलतोय. ब्याऐंशी टक्के."

माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. म्हैस दूध देते असं तो म्हणाला होता आणि ती देत होती. फक्त त्याच्या बायकोशिवाय दुसऱ्या कुणाला ती कासेला हात लावू देत नव्हती, आणि ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी मोठ्या हौसेनं बादली घेऊन तिच्याशेजारी बसले. पुढचं मला नीट आठवत नाही. बादली कुंपणाच्या पलीकडे सापडली, मी अलीकडे. आमचे हे धावत आले, आधी बादलीला पोचा आलाय का ते बघितलं, मग मला उठवलं आणि भावाला एवढंच म्हणाले, "अरे, दूध म्हैस देणार होती, व्यापारी नाही."

भाऊजींनी गंभीरपणे मान हलवली. "खरंय दादा. मी चुकीच्या तोंडाकडे बघितलं."

आता ते तोंडाकडे का बघत होते, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी आठवीत होते आणि गणितात शंभरपैकी शंभर घेत होते. तेव्हापासूनच त्यांना टक्क्यांत बोलायची सवय. पाऊस येईल का, तीस टक्के. लाईट जाईल का, सत्तर. माझ्या पहिल्या आमटीत मीठ विसरलंय का असं सासूबाईंनी विचारल्यावर "पंच्याण्णव टक्के" म्हणाले होते; तेही मान खाली घालून, माझी दया येऊन. नाहीतर विसरलं होतं हे शंभर टक्के होतं. पुढे पुण्याला विमा कंपनीत लागले. तिथे माणूस किती वर्षं जगेल याचा हिशेब करत. सुजातासारखी शिक्षिका बायको मिळाली. सगळं उत्तम चाललेलं, आणि मध्येच कुठूनतरी ते मोबाईलवरचं पोकर आलं.

पोकर म्हणजे तीनपत्तीचा इंग्रजी शाळेत शिकलेला भाऊ, असं आमच्या ह्यांनी मला समजावलं. माझ्या डोक्यात अजून तेवढंच शिरलंय. भाऊजी एका वेळी चार-चार टेबलांवर खेळत. प्रत्येक पानाला दहा-पंधरा सेकंद मिळायचे. तेवढ्यात ठरवायचं, नाहीतर डाव गेला. आणि समोरचे खेळाडू कोण, तर कुणाच्या नावापुढे घुबडाचं चित्र, कुणाच्या वाघाचं. नऊ वर्षं ज्यांच्याशी खेळले त्यांतल्या एकाचंही तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांचा तोंडांचा उपास होता तो. बाजारात पहिल्यांदा खरा माणूस समोर आला आणि त्यांनी आधाशासारखं बघून घेतलं.

त्या नऊ वर्षांबद्दल मी फार सांगणार नाही, कारण मला फार माहीतच नाही. मला दिसलं ते एवढंच की माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवामागे गेले आणि जेवणाच्या पंगतीला परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत अक्षता तशाच होत्या. त्या त्यांनी गुपचूप ताटाखाली सरकवल्या. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल. ते तसंच सांगायचे. सुजातालाही वर्षानुवर्षं तसंच सांगितलं. घरासाठी दोघांनी साठवलेलं गेलं, मग नोकरी गेली, पण सुजाताला लागलं ते निराळंच. तिने पारनेरजवळ, आपल्या माहेरच्या बाजूला, बदली करून घेतली, दोन खोल्या घेतल्या आणि भाऊजींना आमच्याकडे सोडायला आली तेव्हा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "ताई, मी रागावून जात नाहीये. मला यांचा एकही शब्द खरा वाटत नाही, एवढंच झालंय. वाटायला लागला तर कळवीन."

मी तिला म्हटलं, वाटेल गं, धीर धर. ती म्हणाली, तुम्ही आता अगदी यांच्यासारखंच बोललात.

तर भाऊजी खेळ सोडूनच आमच्याकडे आले होते. कुणी सोडवला नव्हता, आपण होऊन सोडला होता. आल्या दिवशी त्यांनी आपला मोठा मोबाईल माझ्या हातात दिला, खिशातून साधा बटणांचा काढून दाखवला आणि म्हणाले, हा मोठा तुम्ही ठेवा, मला सांगू नका कुठे ठेवलाय ते. अशी जबाबदारी या घरात मला पहिल्यांदाच मिळत होती. मी तो इतका चांगला लपवला की तिसऱ्या दिवशी मलाच सापडेना.

पुढचे दोन दिवस मी जे वागले त्याची मला अजून लाज वाटते. मी भाऊजींना काही विचारलं नाही. पण विचारल्यासारखं बघत राहिले. ते न्हाणीघरात गेले की मी बाहेर घुटमळायची. दुकानातून उशिरा आले की त्यांच्या खिशाकडे नजर. त्यांना कळलं असणारच, नऊ वर्षं समोरच्याच्या मनातलं ओळखण्यात घालवलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला कपाटाखाली वाकून बघताना पाहिलं, स्वतःही वाकले आणि माझ्याबरोबर शोधायला लागले. डाळींचे डबे, गाद्यांच्या घड्या, देवघराची फडताळं. शेवटी गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून मीच तो वर काढला. लाजेने तांबडी झाले. भाऊजींनी त्यावरचे गहू फुंकून माझ्या हातात परत दिला. "आता दुसरी जागा शोधा वहिनी. ही मला कळली."

आणि मी कोण लागून गेलेय, हेही सांगायला हवं. त्याच काळात मला मोबाईलवर रंगीत गोळ्या जुळवायच्या खेळाचा नाद होता. दिराचा फोन कोठीत पुरून मी माझा घेऊन पोत्यांच्या खोलीत बसायची. एकदा भाऊजी सरकी पेंडीचं पोतं न्यायला आत आले आणि मी सापडले. मी फोन पदराखाली घेतला, तो पदराखालून टिंगटिंग वाजतच राहिला. कितव्या पातळीवर आहात, असं त्यांनी विचारलं. सातशे बारा, मी म्हटलं. त्यात पैसे नाहीत ना? नाहीत. मग खेळा, म्हणाले, पण आत पोळी करपलीय, शंभर टक्के.

स्वतःसाठी मात्र त्यांचे नियम फार कडक होते. नशिबावर सोडलेली कुठलीही गोष्ट ते करत नसत. पेंडीच्या कंपनीची गिऱ्हाइकांसाठी बक्षीस योजना आली, सोडतीत मिक्सर होता, तर सगळ्या गावाचे कागद त्यांनी भरून दिले. स्वतःचं नाव घालायला तयार नाहीत. घरात क्रिकेटचा सामना लागला की नाणेफेक होईपर्यंत बाहेर ओट्यावर उभे. झाली की खिडकीतून हाक मारायची. शेजारच्या पोरांनी एका हाताच्या मुठीत चिंचोका धरून कोणत्या हातात सांगा म्हटलं, तर हे दोन्ही मुठी उघडून दोन्हींत एकेक गोळी ठेवून पुढे गेले. आमचे हे म्हणायचे, उद्या हा लिफ्टचं बटणसुद्धा दाबणार नाही. घोडेगावात लिफ्ट नाही म्हणून बरं.

म्हशीच्या प्रकरणानंतर त्यांना बाजारात गुरू भेटले. हमीदचाचा. पंच्याहत्तरी गाठलेले, पण चालणं असं की जनावरं वाट देतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या गाई-म्हशींची दलाली. आमच्याकडे अजून जुन्या लोकांत भाव तोंडानं करत नाहीत. विकणारा आणि घेणारा एका टॉवेलखाली हात हातात घेतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. भाऊजींना ते पाहून भुरळ पडली. त्यांनी चाचांना ती बोटांची भाषा शिकवा म्हणून गळ घातली. चाचांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अवीभाऊ, हात मागून शिकवतो. आदी जनावरापाशी बसा. त्ये बोलत न्हाई, पर लपवीत बी न्हाई. तुमाला लई घाई हाय बघा."

घाई हा शब्द भाऊजींना लागला असावा. त्यांनी मनावर घेतलं ते असं की सगळा बाजार कंटाळला. शुक्रवारी सकाळी एखाद्या गाईसमोर गोणपाट टाकून बसायचे. ती रवंथ कशी करते, पाणी कसं पिते, माणूस मागून आला तर कान कुठे फिरवते, बसताना आधी कोणता पाय दुमडते. दीड-दोन तासांनी उठायचे आणि काय ते सांगायचे. हळूहळू त्यांचं बोलणं बरोबर ठरायला लागलं आणि लोक आपल्यासाठी जनावर बघायला त्यांना बोलवायला लागले. चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. अकोल्याकडचे एक गृहस्थ गाय घ्यायला म्हणून आले होते. भाऊजी बघत बसले तोवर ती गाय विकली गेली, मग दुसरी बघत बसले तर तीही गेली. तिसऱ्या शुक्रवारी ते गृहस्थ आले ते जेवणाचा डबा आणि अंथरायला सतरंजी घेऊन. त्यांना शेवटी गाय मिळाली, आणि चांगली मिळाली. जाताना म्हणाले, एवढा वेळ मी मुलीचं स्थळ बघायला दिला नव्हता.

दर रविवारी भाऊजी नगरला गाडी बदलून पारनेरला जात आणि संध्याकाळी परत येत. सुजाता जेवायला वाढायची, दोघं गावातून फिरून यायची, तिच्या वर्गाच्या वह्या हे तपासून द्यायचे. तिथे काय बोलणं झालं असं मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे सरळ विचारलं नाही. आज काय भाजी होती, असं विचारून जेवढं काढता येईल तेवढं काढायची. तीन वर्षांत भाज्या खूप कळल्या, बाकी काही नाही.

आणि मग गेल्या वर्षी सरकारनंच पैशाचे असले खेळ बंद केले.

टीव्हीवर बातमी आली तशी दुकानात माणसं यायला लागली. सगळ्यांना भाऊजींचं माहीत होतं. बरं झालं अवीभाऊ, सुटलात, असं जो तो म्हणायचा. मी तर गोड करायला शिरा भाजायला घेतला. भाऊजींचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. शिऱ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा शिरा केला, बशी पुढे ठेवून विचारलंच, तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी सोडला होता. आता सगळ्यांचाच सुटला. सुजाताला कसं दाखवू, माझा कोणता आणि सरकारचा कोणता?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तीन वर्षं एक माणूस रोज एक वीट रचत होता, आणि कुणीतरी एका दिवसात तिथे आयती भिंत उभी करून दिली. मी म्हटलं, शिरा गार होतोय. त्यांना बरं वाटलं ते हमीदचाचांनी दुकानासमोर उभं राहून जे सांगितलं त्यानं. चाचा म्हणाले, आमच्या गल्लीतलं दारूचं दुकान उठलं तवा पिणारे रडले आन त्यांच्या बायका हसल्या. मी कवा पीतच नव्हतो, मी माझा चालत घरी गेलो. "तुमी बी चालत जावा की घरी," म्हणाले.

घरी म्हणजे पारनेरला, हे तिथे सगळ्यांना कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत सुजाता आपल्या वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. रंगनाथमामा म्हणजे ताठ माणूस. शेतातल्या विहिरीला पाणी टिकायला लागल्यापासून त्यांना एक दुभती गाय हवी होती, आणि जावई गाईंमधला जाणकार झालाय हे कानावर आलेलं. जावयावर विश्वास नव्हता. पण फुकटचा जाणकार सोडवतही नव्हता. शुक्रवारी आम्ही सगळेच रस्ता ओलांडून बाजारात गेलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच गेले. तिथे बायका अशा जात नाहीत, पण त्या दिवशी मला गल्ल्यावर बसवलं असतं तर मी गल्ला डोक्यावर घेऊन गेले असते.

मामांना एक काळी-पांढरी गाय पाहताक्षणी आवडली. दुसऱ्या वेताची, अंग तुकतुकीत, कास भरलेली. भाऊजी गोणपाट टाकून बसले. विकणारा तरुण होता, नेवाशाकडचा, त्याला परतायची घाई. तासाभराने त्याने सांगितलं की दुसरं एक गिऱ्हाईक तयार आहे, काय ते आत्ता बोला. हमीदचाचांनी आपला टॉवेल पसरला. भाऊजींचा आणि त्या तरुणाचा हात त्याखाली गेला. आम्ही भोवती. टॉवेल जरा हलत होता, दोघांच्या तोंडावर काही नाही. मामा चवड्यांवर उभे राहून बघत होते, जणू वरून दिसणार आहे.

मला नंतर समजलं ते असं. काही लोक बाजाराच्या आदल्या दिवशी धार काढत नाहीत, म्हणजे कास फुगलेली दिसते. ही तशी आहे की खरंच भरपूर दूध देणारी, हे भाऊजींना ठरवता येत नव्हतं. संध्याकाळी समोर धार काढून दाखव, असं त्यांनी म्हटलं, तर तो थांबायला तयार नाही. भाव टॉवेलखाली जवळजवळ जुळला होता.

भाऊजींचा हात थांबला. मामा उतावळे झाले. "अविनाशराव, बोला की. अंदाज सांगा. तुम्ही टक्क्यांत सांगता ना, सांगा बरं किती टक्के."

भाऊजींनी गाईकडे बघितलं, मग मामांकडे. "मामा, मला माहीत नाही."

"अहो, साठ? सत्तर?"

"नाही सांगता येत. खरंच माहीत नाही मला."

आणि त्यांनी टॉवेलखालून हात काढून घेतला. चाचांनी टॉवेल खांद्यावर टाकला. त्या तरुणाने वळून पाचच मिनिटांत गाय शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याला दिली. मामांनी चारचौघांत जावयाला काही म्हणायचं नाही म्हणून गाईंनाच ऐकवलं, की काही लोकांना नऊ वर्षं धड खेळता आलं नाही आणि आता धड घेता येत नाही. भाऊजी आपलं गोणपाट गुंडाळत होते. मी सुजाताकडे बघितलं. ती नवऱ्याकडे असं बघत होती, जसं भाऊजी सकाळपासून त्या गाईकडे बघत होते.

रिकाम्या हातांनीच बापलेक पारनेरला गेली. मी मनात म्हटलं, संपलं. तीन वर्षांची मेहनत एका गाईपायी पाण्यात गेली.

पुढे तीनेक आठवड्यांनी तो शेजारगावचा शेतकरी आमच्या दुकानात पेंड न्यायला आला. मी गल्ल्यावर, भाऊजी पोतं काट्यावर चढवत होते. माणूस खुशीत होता. "अवीभाऊ, त्या दिवशी तुमी सोडली नसती तर मला कुठली गावती ओ. लई दूध. दोन्ही टायमाला बादली वर येती. कास काय फुगवलेली नव्हती, हायच तशी." मला त्याच्या तोंडावर पेंड फेकावीशी वाटली. भाऊजींनी काटा बघितला, पोतं उतरवून त्याच्या गाडीवर ठेवून दिलं आणि विचारलं, वासरू पितंय ना नीट? सुरुवातीला पेंड थोडी कमी द्या, पोट बिघडतं. तो गेल्यावर मी वाट बघत होते, आता काही बोलतील. भाऊजी आत येऊन म्हणाले, चुकलंच आपलं वहिनी, चांगली होती गाय. चहा टाकता का?

आणि चहा पिऊन दुपारचे पोत्यांवर आडवे होऊन दीड तास झोपले. घोरत होते.

ही बातमी पारनेरला पोचायला वेळ लागला नाही. मामांचा फोन आला, तो मी घेतला. त्यातला निम्मा भाग इथे लिहिण्यासारखा नाही. दोन दिवसांनी सुजाताचा आला. ती शाळेच्या मधल्या सुट्टीत बोलत होती, मागे पोरांचा गलका.

"ताई, गाय चांगली निघाली हे त्यांना कळलं?"

कळलं, मी म्हटलं.

"मग काय म्हणाले?"

चुकलं म्हणाले.

"आणि पुढे? म्हणजे, तसा मी बरोबरच होतो, पण त्या वेळी अमुक होतं, तमुक होतं, असं काही समजावलं का?"

मी आठवून बघितलं. नाही गं, म्हटलं, चहा मागितला आणि झोपले.

ती फोन घेऊन पोरांपासून लांब गेली असावी, गलका कमी झाला. मग ती म्हणाली, की खेळाचं उघडकीला आल्यापासून प्रत्येक हरलेल्या डावानंतर हा माणूस तिला दोन-दोन तास पटवून द्यायचा की तो बरोबर होता, फक्त पानं चुकीची आली. खोटं बोलण्याचं तिला इतकं काही नव्हतं, या समजावण्याचं होतं. हे ती मला तीन वर्षांत पहिल्यांदा सांगत होती. भाज्यांमधून ते मला कधी निघालं नसतं.

"ताई, या रविवारी येताना कपडे घेऊन या म्हणावं."

किती दिवसांचे, मी विचारलं. या वयात माणसाने असं विचारू नये, पण तोंडातून गेलं.

"ते मी मोजलेलं नाही," ती म्हणाली आणि घंटा झाली.

भाऊजींना मी निरोप सांगितला तेव्हा ते दुकानात हिशेबाची वही लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले, बोटातलं पेन टोपणात घातलं आणि मला म्हणाले, वहिनी, जाऊ ना? मी म्हटलं, मला काय विचारता, मला गोळ्या जुळवायला तरी घरात जागा होईल. मग आत जाऊन मी पोत्यांच्या खोलीत जरा वेळ बसले. फोन न काढता बसले, एवढं माझ्या बाजूने नमूद करते.

घरातून ते गेले तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांच्यासाठी अंघोळीच्या साबणापासून नव्या चपलेपर्यंत सगळं बांधून दिलं, जणू भाऊ हॉस्टेलवर चाललाय. हमीदचाचा बसस्टँडपर्यंत आले. त्यांनी भाऊजींना आपला एक टॉवेल दिला. पण बोटांची भाषा काही पूर्ण शिकवली नाही. म्हणाले, अजून घाई हाय थोडी.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते माघात. पारनेरजवळ नात्यातला साखरपुडा होता. आम्ही सकाळी लवकर निघालो होतो, म्हटलं वाटेत यांचं घर बघून जाऊ. सुजाता घरी नव्हती. दोघं दूध संकलन केंद्रावर असतील, असं शेजारणीने सांगितलं. भाऊजी तिथे सकाळचं दूध मापून घ्यायचं काम करतात, ती शाळेच्या वाटेवर त्यांना डबा देऊन जाते.

केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली, पुढे ओटा, ओट्याखाली दुधाच्या किटल्या घेऊन पंधरा-वीस माणसं. आम्ही गाडी रस्त्यापलीकडे उभी केली तेव्हा भाऊजी खोलीत नव्हते. ते रस्त्याने लांब चालत चालले होते, एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारून, तिची रिकामी किटली आपल्या हातात घेऊन. बाई हातवारे करून काहीतरी सांगत होती. तिच्या म्हशीचं दूध मशीनवर फार पातळ लागलं होतं, पाणी घातलंय म्हणून रांगेतलं कुणीतरी हसलं होतं, आणि भाऊजी म्हैस बघायला निघाले होते. बाई थांबली की तेही थांबत, तिचं सांगून झालं की पुन्हा चालत. आम्हाला त्यांनी पाहिलं नाही. आमचे हे हाक मारणार होते, मी त्यांचा हात धरला.

सुजाता आपल्या स्कूटीला टेकून उभी होती. रांगेतल्या एका गड्याने कुरकुर केली, की मास्तरीणबाई, ऊन वर आलं, किती वेळ लावतील हे.

"वीस मिनिटांत येतो म्हणालेत," सुजाता म्हणाली, "म्हणजे येतील."

गड्याने तिच्याकडे बघितलं, मग दूर गेलेल्या भाऊजींकडे. त्याने किटली ओट्यावर ठेवली आणि पायरीवर बसून घेतलं. त्याच्या मागची माणसंही एकेक करून बसली.